घोटमास्तरांची शुक्रवारची बाटली

एका शुक्रवारी, सूर्य मावळायच्या जरा आधी, रोह्याच्या आमच्या आळीतल्या व्यसनमुक्ती समितीने घोटमास्तरांच्या घरातल्या सगळ्या बाटल्या गटारात ओतल्या. एक सोडून सगळ्यांत वाइन होती. त्या एकीत काळ्या मनुकांचं सरबत होतं.

मास्तरांनी शाळेत कधी शिकवलं नव्हतं. मुंबईच्या एका मोठ्या हॉटेलात वाइन पारखण्यात त्यांचं उभं आयुष्य गेलं. निवृत्त होऊन ते रोह्याला आले आणि दर रविवारी ओट्यावर शेजाऱ्यांना वाइन चाखायला शिकवू लागले. प्रत्येकाला एकच घोट, तोही तोंडात घोळवून. म्हणून घोटमास्तर.

ही पारख हॉटेलातली नव्हे, पेणच्या घरातली, असं ते सांगत. ते बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. त्यांच्याकडे शुक्रवारी सूर्य मावळताना द्राक्षरसाच्या प्याल्यावर प्रार्थना म्हणतात. पेणला तेव्हा द्राक्षं मिळत नसत. आई आदल्या रात्री मनुका भिजत घाली, सकाळी कुस्करून गाळी आणि पहिला थेंब मुलाच्या जिभेवर ठेवी. "गोड आहे म्हटलं की चापट बसायची," मास्तर म्हणत. "गोड तर गूळपण असतो, अजून काय हाय ते सांग, म्हणायची."

रागही आईचाच घेतला होता. डोलवीच्या कंपनीत कंत्राटावर असलेला बाळाराम शिफ्ट संपवून येई. पहिल्याच रविवारी त्याने नाक दाबून घोट गिळला आणि वर मिरचीचं भजं तोंडात टाकलं. मास्तर कडाडले, "चाखायला दिली रे, विझवायला नाय!"

"एवढ्याशानं काय व्हनार हाय, मास्तर?"

"काय व्हायला पायजे तुला? जुलाब?"

ओटा हसला. मास्तर हसले नाहीत. भज्यांची परात उचलून त्यांनी आत नेऊन ठेवली.

मिठागरावर काम करणारी सुमन सुरुवातीला पदर तोंडाशी धरून बसे. "कसला वास येतो गो?" मास्तरांनी एकदा विचारलं. ती म्हणाली, "आयशीच्या कोकमाच्या बरणीवानी." त्या दिवशी मास्तरांनी तिला दुसरा घोट दिला. तो मान आधी कुणालाच मिळाला नव्हता.

समितीच्या लेखी हा दारूचा अड्डा होता, आणि तो बायकांनाही नादी लावत होता. त्या शुक्रवारी अध्यक्ष चार माणसं घेऊन घरात शिरले. वाइनच्या बाटल्या मास्तरांनी ओतू दिल्या. सरबताची बाटली मात्र त्यांनी छातीशी धरली.

"ही दारू नाय. चाखा आणि मग ओता."

"असल्याला आम्ही तोंड लावत नाही," अध्यक्ष म्हणाले.

"मग कळणार कसं तुम्हाला? एकानं चाखा रे! एकानं तरी!"

दोघांनी त्यांचे हात सोडवले. बाटली ओतली गेली. आळी दारादारांत उभी राहून बघत होती. रविवारी घोट घेणारेही त्यांत होते. पुढे कुणी आलं नाही.

माणसं गेल्यावर सुमन मूठभर मनुका घेऊन आली. "लगेच भिजवते, मास्तर."

"रात्र लागते गो त्यांना," मास्तर म्हणाले.

सूर्य मावळला. प्याला रिकामा राहिला.

त्यानंतर ओट्यावर रविवार भरला नाही. पुढच्या उन्हाळ्यात मास्तर इस्राएलला मुलीकडे गेले आणि तिकडेच वारले. ती बातमी आल्यावर मी अध्यक्षांना विचारलं, ओतण्याआधी त्या बाटलीचा निदान वास तरी घेतला होता का.

"नाही," ते म्हणाले.