फिलाच्या गोष्टीतली सून

आमच्या प्रिलेप गावच्या गल्लीतली त्रेंदाफिला, आम्ही तिला नुसतं फिला म्हणायचो. जन्मभर तंबाखूची पानं दोऱ्यात ओवत आली आणि ओवता ओवता गोष्टी सांगत आली. अमका माणूस कंजूष होता, असं तिच्या तोंडून कधी यायचं नाही. ती नुसतं त्याचं बोलणं सांगे. "या, या, बसा. जेवूनच आला असाल?" झालं, माणूस पुढ्यात उभा. नवराबायकोचं भांडण दोन आवाजांत असं करी की माझा म्हातारा उठून चालू लागे. म्हणे, हे मी घरी ऐकतो की.

सगळ्या गल्लीचं बोलणं तिला कळे. घरातली सून गप्प का, तेवढं कळत नव्हतं.

यागोदाला येऊन सहा वर्षं झाली होती. मिरच्यांच्या दिवसांत आमच्याकडे दर अंगणात चूल पेटते. लाल मिरच्या भाजायच्या, सोलायच्या, बारीक करून मोठ्या कढईत दिवसभर घोटायच्या, की पावाशी खायचं वर्षाचं आयवर झालं. घोटणं आणि मीठ-तेल सासूकडे, सोलणं सुनेकडे. हे असंच चालत आलेलं. यागोदा सहा वर्षं सोलत होती. त्या साली सकाळीच माझ्या कानाशी लागली.

"वेलामावशी, हे शेवटचं. पुढच्या वर्षी मी माझी चूल वेगळी मांडणार. क्लिमेला सांगून झालंय."

"आणि सासूला?"

"त्यांना ऐकायला वेळ कुठाय? त्या बोलत असतात ना."

फिलाला क्लिमे हा एकुलता एक मुलगा. चूल वेगळी म्हणजे घरच वेगळं.

दुपारी फिलाच्या अंगणात आम्ही पाचजणी सोलत होतो आणि फिला घोटता घोटता गोष्टीत शिरली होती. गोष्टीत एक सासू आणि एक सून. सासूचा जाड आवाज, "थकलीस का गं पोरी?" मग सुनेचा मधाळ, "छे हो आई, तुमच्याकडे कसला थकवा!"

"असं ती म्हणायची नाही," यागोदा म्हणाली. मान वर केली नाही.

फिलाचा हात थांबला.

"घोट गं बाई, खाली लागेल," मी म्हटलं.

"मग काय म्हणेल?" फिलानं विचारलं.

"म्हणेल, आई, सहा वर्षं माझी बोटं सालीला चिकटलीत. कढईत काय चाललंय ते मला वासावरूनच कळतं."

बायका खिदळल्या. फिलानं लगेच सासूचा आवाज लावला. "अगंबाई, तोंड आहे म्हणायचं तुला! मला वाटलं, क्लिमेनं मुकी आणली."

गोष्टीतल्या मुलाचं नाव क्लिमे नव्हतं. आम्ही माना खाली घातल्या.

"तोंड आहे," यागोदा म्हणाली. "तुमचं मिटायची वाट बघत होतं."

"बरं. मग पुढं काय करते सून?"

"पुढच्या वर्षी वेगळी चूल मांडते."

कढई रटरटत होती. फिलानं डावानं कढईच्या कडा खरवडल्या. मग म्हणाली, "आणि सासू म्हणते..." आणि अडकली. इतक्या वर्षांत फिला गोष्टीत अडकलेली मी पहिल्यांदा पाहिली.

"तूच सांग गं," ती साध्या, स्वतःच्या आवाजात म्हणाली. "काय म्हणावं तिनं?"

यागोदानं एप्रनला हात पुसले. "म्हणावं, ये, घे हा डाव. माझे खांदे दुखतायत."

"माझे खांदे मुळीच दुखत नाहीत!" फिला खेकसली. मग बाजूला सरकली. "कंबर दुखते. ये."

मीठही यागोदानंच घातलं. मुठीनं. फिला शेजारी ओठ मिटून उभी होती. दुसरी मूठ पडली तेव्हा तिनं माझा दंड असा आवळला की वळ उठले, पण शब्द काढला नाही.

चूल एकच राहिली. आयवर मात्र खारट झालं होतं. पहिल्याच घासाला क्लिमे तोंड उघडणार, तोच फिलानं त्याच्यापुढे अख्खा पाव सरकवला.

"पाव जास्त घे," ती म्हणाली, "आणि गप जेव."