एकाच रोलरवरचे दोन हात

थोरलीच्या उजव्या हाताची दोन बोटं, करंगळी आणि तिच्या शेजारचं, नऊ वर्षांपासून आत वळलेली होती. कुणी विचारलं तर ती म्हणायची, "कामावर भाजलं होतं." पुढे कुणी विचारत नसे आणि तिलाही सांगायची हौस नव्हती. निदान तिला तसं वाटायचं. धाकट्या जावेचा हात त्याच मशीनमध्ये सापडला, तेव्हा आपल्या आत किती साचून राहिलंय हे तिला कळलं.

दोघी जावा एकाच लाँड्रीत कामाला होत्या. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी तिथे धुवायला यायच्या. ओली चादर दोन बायकांनी दोन टोकांना धरून ताणायची आणि तापलेल्या रोलरच्या तोंडात द्यायची. पलीकडून ती इस्त्री होऊन बाहेर पडायची. रोलरच्या पुढे एक पट्टी होती. बोट तिला लागलं की मशीन जागच्या जागी थांबायचं. पण चादरीचा चोळामोळा लागला तरी थांबायचं आणि काम खोळंबायचं. म्हणून मालकाच्या हुकमावरून मुकादमाने ती पट्टी तारेने वर बांधून टाकली होती.

थोरलीचा हात भाजला तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "लक्ष कुठे होतं तुझं?" नवरा म्हणाला होता, "मालकाशी वाकडं नको. नोकरी टिकली हेच खूप झालं." मालकाने तीन आठवडे घरी बसवलं, मग घड्या घालायच्या टेबलावर लावलं. तिनेही तोंडात मिठाची गुळणी धरली.

आणि धाकटीच्या वेळी? ज्या दिराला दुकानदाराशी घासाघीस करायचीसुद्धा लाज वाटायची, तो थेट मुकादमाच्या अंगावर धावून गेला. सासूबाई दवाखान्यात धाकटीच्या उशाशी ठाण मांडून बसल्या. घरी आणल्यावर स्वतःच्या हाताने तिला घास भरवू लागल्या. "माझ्या पोरीचा सोन्यासारखा हात," असं येईल त्याला सांगायच्या. थोरली मोरीत भांडी घासता घासता हे ऐकायची आणि तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एवढ्या वर्षांत आपण कधी 'पोरगी' झालो नाही, सूनच राहिलो!

त्यात धाकटीची वेणी घालायचं काम हिच्याच गळ्यात पडलं. रोज सकाळी ती वाकड्या बोटांनी केस ओढून घट्ट वेणी घालायची. जरा जास्तच घट्ट.

"ताई, दुखतंय."

"सैल घातली तर सुटते," थोरली म्हणायची.

दिराने वकील गाठला. वकीलबाईच होत्या, पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर चढवून तोच टेबलभर शोधणाऱ्या. टायरच्या दुकानावर त्यांचं ऑफिस होतं. धाकटीला सगळं सांगायला बोलावलं त्या दिवशी दिराला रजा मिळाली नाही, म्हणून सोबतीला थोरली गेली. वकीलबाईंनी दवाखान्याचे कागद आणि पगाराच्या चिठ्ठ्या मागून घेतल्या. मग कोरी वही पुढ्यात ओढून त्या विचारू लागल्या. किती वाजले होते? शेजारी कोण होतं? मशीन कुणी बंद केलं? आता काय काय जमत नाही? ब्लाउजची हुकं लावता येतात? झोप लागते? धाकटी डोळे पुसत सांगत होती आणि बाई लिहून घेत होत्या, कसली म्हणून घाई नव्हती.

थोरली कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून बघत होती. नुकसानभरपाईचा विचार तिच्या मनात आलाही नव्हता. तिला हेवा वाटला तो त्या वहीचा. एका बाईचं दुखणं कुणी पानंच्या पानं लिहून घेतंय, हे तिने जन्मात पाहिलं नव्हतं.

थोरलीने कागदांची फाईल पुढे केली तेव्हा वकीलबाईंची नजर तिच्या हातावर गेली. "याला काय झालं?"

"जुनं आहे."

"ताईंचाही त्याच मशीनवर भाजला," धाकटीच बोलून गेली.

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. दावा लावायच्या आधी, दिराने सांगितलेल्या हकिकतीवरून, त्यांनी मालकाला नोटीस धाडली होती आणि तिचं उत्तर कालच आलं होतं: पट्टी धाकटीनेच बांधली, या मशीनवर आजवर कुणालाही इजा झालेली नाही. "तुम्ही कोर्टात खरं सांगितलंत, तर हे उत्तर टिकायचं नाही," त्या म्हणाल्या.

"आणि माझ्या हाताचं काय?"

"खोटी आशा दाखवत नाही. तुमच्या दाव्याची मुदत कधीच उलटून गेली. तुम्हाला आता काही मिळणार नाही."

"म्हणजे हात माझा आणि फायदा हिचा."

"असंच आहे ते," वकीलबाई म्हणाल्या.

"मला काही आठवत नाही," असं म्हणून थोरली उठली.

मग घरात मनधरणी सुरू झाली. दीर म्हणाला, "वहिनी, पाया पडतो." नवरा म्हणाला, "तू यात पडू नकोस, मालक दोन दिवसांत घरी बसवेल." सासूबाई आतल्या खोलीतून ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "हिला कुणाचं बघवत नाही." ते खोटं नव्हतं. पण नऊ वर्षांत पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे सगळं घर बघत होतं आणि हे सुख तिला इतक्यात संपवायचं नव्हतं. धाकटी तेवढी काहीच बोलली नाही. त्याचाही थोरलीला रागच आला.

महिन्याभराने लाँड्रीत धाकटीच्या जागी नवी बाई आली. अपघातानंतर तपासणीचे लोक येणार म्हणून सोडलेली पट्टी मुकादमाने पुन्हा बांधली. नवी कोरी तार होती, चकचकीत. पक्कड खिशात टाकत तो थोरलीला म्हणाला, "तुझ्यासारखी शहाणी बाई नाही बघ. गप्प बसलीस म्हणून टिकलीस."

ते 'शहाणी' तिला चपराक मारल्यासारखं लागलं. काम सुटल्यावर ती एकटीच टायरच्या दुकानाचा जिना चढली.

"लिहून घ्या," ती वकीलबाईंना म्हणाली. "पण हिचं लिहिलंत तसं. सगळं."

वकीलबाईंनी वहीचं नवं पान उघडलं आणि अगदी हुकांपर्यंत सगळं विचारलं.

कोर्टात तिची साक्ष झाली तेव्हा मालकाचे वकील हसत हसत उठले. "तुम्ही दोघी जावा. एका घरात राहता. घरच्या माणसासाठी खोटं बोलायला आलात, बरोबर?"

थोरलीने समोर बसलेल्या धाकटीकडे पाहिलं. "हिच्यासाठी? साहेब, वर्षभर मी हिच्यावर जळतेय. हिला सासूबाई घास भरवतात, मला कुणी पाणी विचारलं नव्हतं. हिला भरपाई मिळाली तर मला झोप लागायची नाही. खोटंच बोलायचं असतं तर मी तुमच्या बाजूने बोलले नसते का?"

मागे कुणीतरी हसलं. न्यायाधीशांनी कागदातून मान वर केली.

"पण पट्टी बांधलेलीच होती," ती म्हणाली. "माझ्या वेळीही आणि हिच्या वेळीही. माझ्या डोळ्यांदेखत मुकादमाने तार पिळली. आत्ताही बांधलेली आहे, माणूस पाठवून बघा."

"मग तेव्हा तक्रार का केली नाहीत?"

"घरातले सगळे म्हणाले, गप्प बस. मी बसले."

मागच्या बाकावर सासूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. न्यायाधीशांनी टंकलेखकाला शब्दन् शब्द उतरवायला सांगितलं, जळण्यासकट.

कोर्टाचा जिना उतरताना धाकटीने विचारलं, "ताई, झोप लागायची नाही म्हणालात, ते खरं?"

"खरं."

"मला वाटलंच होतं," धाकटी म्हणाली आणि खालच्या पायरीवर आल्यावर, "तुमच्या वेळी मी या घरात असते तर..." थोरलीने तिला ते वाक्य पुरं करायला लावलं नाही.

सात महिन्यांनी निकाल धाकटीच्या बाजूने लागला. मागितलं होतं तेवढं मिळालं नाही, पण हाताच्या मोठ्या ऑपरेशनचा खर्च सुटला. मालकाने थोरलीशी बोलणं टाकलं. कामावरून काढायची मात्र छाती झाली नाही, कारण वकीलबाईंचं पत्र आधीच पोचलं होतं. पट्टीची तार कायमची सुटली. सासूबाई काही बदलल्या नाहीत. फक्त एकदा, कुणी विचारलेलं नसताना, शेजारणीला म्हणाल्या, "थोरलीचाही हात गेलाय त्या मशीनवर."

ऑपरेशननंतर धाकटीचं बँडेज सुटलं त्या दिवशी सगळे तिच्याभोवती जमले. तिने हळूहळू बोटं मिटली. एक, दोन, करत चारही. मूठ झाली. थोरलीचा उजवा हात आपोआप पदराखाली गेला. आपली बोटं अशी कधीच मिटायची नाहीत, आणि वेळेवर कुणी धावलं असतं तर मिटलीही असती, हे तिला लख्ख दिसत होतं. क्षणभर तिला तिथून उठून जावंसं वाटलं.

उठली नाही. धाकटीच्या अगदी जवळ सरकून म्हणाली, "नीट दिसलं नाही. परत एकदा मिटून दाखव."