दुसरी चावी पाण्यात

माझा धाकटा भाऊ लहानपणापासून भारी उपद्व्यापी. घरातली एक वस्तू धड ठेवली असेल तर शपथ! घड्याळ उघड, इस्त्री उघड, शेजारणीचा रेडिओ तिला न विचारता उघड. आई म्हणायची, "हा एक दिवस मलाही उघडून बघणार, आवाज कुठून येतो ते." त्यामुळे मोठा झाल्यावर तो बंदरात बोटींवर यंत्रं बसवायला लागला, तेव्हा आम्हाला कुणालाच नवल वाटलं नाही.

हात मात्र सोन्याचा. वायरलेस, रस्ता दाखवणारं जीपीएस, पाण्याखाली मासळी कुठे आहे ते पडद्यावर दाखवणारं यंत्र, सगळं त्याच्याकडे. वायरी अशा नेटक्या बांधायचा की बघत राहावं. मी चिडवायची, "अरे, एवढी नीट वेणी तर मला कधी घालता आली नाही!"

पण त्या यंत्रांवर चोरांचा डोळा. बोट धक्क्याला बांधून माणूस घरी गेला, की सकाळी यंत्राच्या जागी चार भोकं आणि लोंबणाऱ्या वायरी. एका बोटीवर तर चोराने काढलेले स्क्रू ओळीने मांडून ठेवले होते. बोटवाला म्हणाला, "चोर असला तरी हात कसबी आहे हो." झालं! कसबी हात बंदरात कुणाचा? कुठल्या बोटीवर काय आहे आणि ते कसं बसवलंय, हे कुणाला ठाऊक? माझ्या भावाला उचलून चौकीत नेलं.

दिवसभर बाकड्यावर बसवून ठेवलं. संध्याकाळी तो माल एका भंगारवाल्याकडे सापडला, तेव्हा म्हणाले, "जा." चुकलं म्हणून एक शब्द नाही मेल्यांचा. तो स्वतःच्या घरी गेला नाही, माझ्याकडे आला. तोंड धुतलं आणि पुसायचंही विसरून तसाच उभा राहिला. म्हणाला, "ताई, माझ्या हत्यारांच्या पिशवीतले पाने टेबलावर ओतले गं त्यांनी. येणारा-जाणारा बघत होता."

तिथून तो बदलला. चोरी म्हणजे त्याला स्वतःच्या अब्रूवरचा घाला वाटायला लागला. त्याने एक पोलादी पेटी बनवली. बिजागऱ्या आतून, आणि खाली बोटीला आवळायचे बोल्ट असे, की पूर्ण आवळले की त्यांचं डोकंच तुटून पडायचं. पाना लावायला काही उरायचंच नाही. काढता येण्यासारखं जे काही असेल ते रोज ह्या पेटीत ठेवायचं, कुलूप लावायचं आणि निवांत घरी जायचं.

आणि मग त्याचा तो नियम. कुलपाबरोबर दोन चाव्या येतात. एक तो मालकाच्या हातात द्यायचा आणि दुसरी, मालकाच्या डोळ्यांदेखत, धक्क्यावरून पाण्यात. डुबुक! "आता तुमच्याशिवाय ही पेटी कुणी उघडू शकत नाही. मीसुद्धा नाही," असं म्हणून दोन्ही तळहात झटकून दाखवायचा. लोकांना ते फार आवडायचं. काही रिकामटेकडे नुसते चावी पडताना बघायला यायचे. सगळं बंदर त्याला कुलूपराव म्हणायला लागलं. चोऱ्या थांबल्या त्या थांबल्याच. ज्यांनी त्याचे पाने ओतले होते, त्या पोलिसांनीसुद्धा गस्तीच्या बोटीवर त्याच्याकडूनच पेटी बसवून घेतली. त्या दिवशी तो माझ्याकडे मिठाई घेऊन आला होता. बाई गं, काय तो चेहरा!

आमच्या बोटीवर पेटी बसवली तेव्हा मी धक्क्यावर उभी होते. आमचे हे, म्हणजे माझे यजमान, बोट स्वतः चालवायचे, मदतीला एक खलाशी. पेटीत मुख्य वस्तू होती हातातला वायरलेस. मोठा वायरलेस बोटीच्या बॅटरीवर चालतो. इंजिनाच्या खोलीत पाणी शिरलं की बॅटरी जाते आणि तो मुका होतो. मग कामाला येतो तो हा लहान. चोरांनाही पहिला हाच हवा असतो.

भावाने दुसरी चावी उचलली तशी मी म्हटलं, "थांब रे. ती खलाशाकडे दे. ह्यांचा काही भरवसा नाही, उद्या स्वतःचं डोकं विसरून येतील."

हे हसले. भाऊ नाही हसला. "खलाशी आज ह्या बोटीवर, उद्या त्या बोटीवर. नाही जमायचं."

"मग बोटीवरच लपव कुठेतरी. घरचीच बोट आहे ना!"

"घरची आहे म्हणूनच नाही, ताई. मेहुण्यांसाठी नियम मोडला, तर उद्या लोक म्हणतील, ह्याच्याकडे प्रत्येक पेटीची चावी असणार."

"असू दे गं," हे म्हणाले, "त्याचा खेळ कशाला बिघडवतेस?" आणि चावी पाण्यात गेली.

ज्या दिवशी ते झालं, त्या दिवशी निघताना ह्यांच्या शर्टावर तेल सांडलं. दारातच शर्ट काढला, खुंटीवर टाकला, दुसरा चढवला आणि गेले. चावी राहिली खुंटीवरच्या शर्टाच्या खिशात. पुढचं सगळं मला खलाशाने सांगितलं. त्याच्याशिवाय सांगणारं कोण होतं?

चावी नाही हे बोट सुटल्यावर लगेच कळलं होतं. खलाशी म्हणाला, मागे वळू या. हे म्हणाले, "जाऊ दे रे, जाळं बघून लगेच तर यायचंय." मग बाहेर गेल्यावर इंजिनाजवळचा पाइप फुटला. पाणी भसाभसा आत आलं. इंजिन बंद, बॅटरी बुडाली, मोठा वायरलेस मुका. दूर एक बोट दिसत होती, पण ती पाठ करून चालली होती. ओरडून काय ऐकू जाणार? वायरलेसवर एक हाक मारली असती तर ती वळली असती.

ह्यांनी लोखंडी कांब घेतली आणि पेटीवर घाव घालायला सुरुवात केली. पेटीला पोचे पडले, पण ती उघडली नाही. कशी उघडेल? माझ्या भावाने बनवली होती. खलाशाने तरंगता डबा धरून उडी मारली आणि खालून हाका मारत राहिला. हे आतून म्हणाले, "आलोच, एवढं उघडतो." तेवढ्यात बोट कलंडली.

माणसं येऊन गेली. रडून झालं म्हणतात तसं काही होत नसतं, पण लोकांसमोरचं झालं. भाऊ सगळ्यांच्या मागे भिंतीला टेकून उभा असायचा, मग तोही यायचा बंद झाला. कानावर आलं की कुलूपराव बोटीबोटीवर फिरतोय, स्वतःच्या खर्चाने चाव्या करून देतोय, हातापाया पडतोय, "ही दुसरी बोटीवरच ठेवा, खलाशाला दाखवून ठेवा." मग तेही थांबलं. एके दुपारी माझी भावजय आली. "वन्सं, ते जेवत नाहीत, बोलत नाहीत. दुरुस्तीच्या दुकानात नुसते बसून असतात. सगळे सांगून थकले की तुमचा काही दोष नाही. तुम्ही तरी सांगा."

मला नवऱ्याने अर्ध्यावर सोडलं होतं, आता भाऊही असाच हळूहळू जाणार की काय? तशीच उठले आणि गेले.

तो टेबलापाशी बसला होता. समोर कुणाचा तरी उघडलेला वायरलेस होता, त्यावर धूळ. मला बघून उठला नाही.

"काय म्हणतात लोक?" मी विचारलं.

"म्हणतात, तुझी चूक नाही."

"लोकांचं काय जातंय म्हणायला!" माझा आवाज चढला. "तुझीच चूक आहे. ह्यांची आहे, तुझीपण आहे. मी चावी मागितली होती की नव्हती? त्या बाकड्यावर बसल्यापासून तुला फक्त तुझ्या नावाची पडली होती. माझ्या माणसाची नव्हती."

भावजय मागे "वन्सं!" करून किंचाळली. पण त्याने मान वर केली. कितीतरी दिवसांनी कुणीतरी त्याच्याशी खरं बोललं होतं, असा चेहरा. "हो गं ताई," म्हणाला, आणि ढसाढसा रडला. मीही रडले. दोघं लहानपणी आईचा मार खाऊन रडायचो, तसे.

थोड्या वेळाने म्हणाला, "मला माफ करशील?"

खोटं बोलणं माझ्या जिवावर आलं. म्हटलं, "आज नाही. जमेल तेव्हा सांगीन. तोवर रोज माझ्याकडे जेवायला यायचं, कारणं नकोत."

तो येतो. रोज येतो. खाली मान घालून जेवतो, माझा पंखा, माझा नळ, काही ना काही दुरुस्त करतो. निघताना दारात चपला घालायला जरा जास्तच वेळ लावतो. मी ताट उचलता उचलता म्हणते, "उद्या ये रे." अजून तरी मला तेवढंच म्हणवतं.