पुणे-दिल्ली दोन तास, आणि भूमपासून?

मंडळी, आज सकाळी मी आईशी थोडी लबाडी करायला गेले.

दिल्लीच्या दवाखान्यात मला नर्सची नोकरी लागलीय. उद्या निघायचंय. आठ दिवस आई एकच म्हणतेय, "लई लांब हाय." म्हणून आज मोबाईल दाखवून सांगितलं, पुणे ते दिल्ली विमानानं फक्त दोन तास.

पीठ मळता मळता आईनं विचारलं, "अन् आपल्या भूमपासनं?"

मग खोटं बोलवेना. पुण्यापर्यंत एसटीनं पाच तास, विमानतळावर दोन तास आधी पोचायचं, उतरून खोली गाठायची. पहाटे निघालं तरी पोचेपर्यंत अंधार पडतो. सगळं सांगितलं आणि म्हटलं, "लांब आहे आई. तरी मी जाणार."

आईनं परात बाजूला सारली आणि म्हणाली, "एका दिवसाचीच वाट हाय व्हय? मग भाकरी टिकंल. म्या दशम्यांसाठी दूध काढून ठिवलं हुतं."

दुधात मळलेल्या दशम्या दोन-तीन दिवस टिकतात. म्हणजे दिल्ली तेवढी लांब आहे असं समजूनही आईनं मला पाठवायचं ठरवलं होतं.

आता माघार नाही. तुम्ही पहिल्यांदा लांब निघालात तेव्हा घरच्यांनी काय बांधून दिलं होतं?