नावाड्याची शिकवणी

अंजूरचा भूपेश मुळातच कमी बोलायचा. आई गेली, भावाने कल्याणला फ्लॅट घेतला, आणि घरात बोलायला कोणी उरलं नाही तेव्हा ते आणखी कमी झालं. वडप्याच्या एका गोदामात तो डिस्पॅचला होता. तिथे हातात स्कॅनर असला की दिवसभर तोंड उघडलं नाही तरी चालतं.

त्याला खेळात ओढलं फहादने. दोघे कॉलेजात एका वर्गात होते. फहादच्या वडिलांनी लूम विकल्यावर घराखालची शेड रिकामी पडली होती. तिथे मोठं टेबल टाकून फहाद, त्याची बहीण रमशा आणि शाळेत शिकवणारा कुमार रविवारी दुपारी खेळायला बसत. खेळात पट नाही, सोंगट्या नाहीत. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं. फहाद प्रसंग उभा करणार, आणि आपलं पात्र त्यात काय करतं, काय बोलतं, ते आपण सांगायचं. जमलं की फसलं, हे फासे ठरवणार.

भूपेशने नावाडी घेतला. कागदावर प्रत्येक कौशल्यापुढे शंभरापैकी एक आकडा होता. फासे त्या आकड्याच्या आत पडले की काम झालं. नावाड्याचं वल्हवणं चांगलं होतं. ‘मन वळवणं’ मात्र जेमतेम वीस.

"ह्यो वाढवायचा कसा?" भूपेशने विचारलं.

"दोन रस्ते," फहाद म्हणाला. "एक म्हणजे खेळताना वापरायचं. अडचणीत वापरून जमलं तर खूण कर, मग खेळ संपल्यावर परत फासे. नशीब असेल तर थोडा वाढतो. दुसरा, कुणा उस्तादाकडे शिकायला जायचं. तिथे नक्की वाढतो. पण तोवर तुझा नावाडी आमच्यासोबत नसणार."

पहिले काही रविवार बरे गेले. एकदा नावाड्याला एका कोळणीकडून जाळं मागायचं होतं. भूपेश अडखळत काहीतरी बोलला, आणि फासे विसाच्या आत पडले. रमशाने स्वतःच्या पेनाने त्याच्या कागदावर खूण केली. पुढचा आठवडाभर पेट्या स्कॅन करताना त्याला ते आठवत राहिलं.

मग सेलचा सीझन आला. गोदामात त्याची सुट्टी रविवारवरून मंगळवारी गेली. त्याने फहादला फोन केला.

"टेन्शन नको घेऊ," फहाद म्हणाला. "नावाड्याला उस्तादाकडे पाठवतो. शिकेल तेवढंच."

फहाद शब्दाला जागला. रविवारी संध्याकाळी त्याचा मेसेज यायचा: तीस झाले. पुढे कधीतरी चाळीस. भूपेश चहाच्या सुट्टीत तो वाचायचा आणि अंगठा पाठवायचा. मंगळवारी तो घरी कपडे धुवायचा, मागच्या ओट्यावर बसायचा. समोर पूर्वी भात पिकायचा. आता तिथे ट्रक रिव्हर्स घेताना शिट्टी वाजायची. फोन वाजलाच तर कंपनीचा असायचा.

दिवाळीनंतर एकदाचा रविवार मिळाला. नावाड्याचं ‘मन वळवणं’ पासष्टवर गेलं होतं. टेबलावर एवढा आकडा कुणाचाच नव्हता.

खेळ सुरू होण्याआधीच कुमार म्हणाला, "शेठला पाणी पाजलं का?" रमशा हसायला लागली, फहादही.

"शेठ कोण?" भूपेशने विचारलं.

"खेळातला बकरा आहे," रमशा म्हणाली. "विहिरीत पडला होता. या कुमारने उडी मारली तर याचाच पाय मोडला. मग बकऱ्यानेच..." ती थांबली. "असं सांगून नाही कळणार. तू पाहिजे होतास."

थोड्या वेळाने एका नगराचा दरवाजा आला. बंद.

"भूपेशला पुढे करा," कुमार म्हणाला. "त्याचे पासष्ट आहेत."

फहादने पहारेकऱ्याचा आवाज काढला. "कौन हो तुम लोग?"

भूपेशने कागदावरच्या पासष्टकडे पाहिलं. तिघे वाट बघत होते.

"नावाडी काय म्हणतो?" फहादने विचारलं.

"तो... समजावतो त्याला."

फहादने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. "ठीक. टाक."

फासे एकतीसवर पडले. दरवाजा उघडला. कुमारने पाठ थोपटली आणि सगळे आत गेले, पुढच्या भानगडीत शिरले. भूपेशचा पुढे कुठेच नंबर लागला नाही.

निघताना तो फहादला म्हणाला, "माझे वीसच ठेव."

"का? शिकलाय तो."

"तो शिकला. मी कुठं हुतो?"

फहाद जरा विचारात पडला. "शिकवणी खोटी नाही रे. दरवाजा तिनेच उघडला. पण आता तिची हद्द संपली. पासष्टच्या पुढे उस्ताद कामाचा नाही, वापरूनच जावं लागतं. तू ये फक्त."

यायचं तर सुट्टी बदलून हवी होती. भूपेश शिफ्ट इनचार्ज हरेश सरांपुढे जाऊन उभा राहिला.

"काय रे?"

"काय न्हाय सर."

पुढच्या आठवड्यात त्याने पूर्ण वाक्य बोलून दाखवलं. सर नाही म्हणाले. त्याने परत विचारलं, मग परत. शेवटी दुसऱ्या एकाला मंगळवार हवा होता म्हणून, एक रविवार आड सुट्टी मिळाली.

तोवर पावसाळा तोंडावर आला होता. रमशाचं लग्न होऊन ती महाडला गेली होती. कुमारची बदली पालघरकडे झाली होती. टेबल तेवढंच होतं, बसायला दोघे.

"दोघांत खेळायचं?" फहादने विचारलं.

"खेळू."

फहादने पूर आलेली नदी उभी केली. काठावर एका झोपडीत म्हातारी, आणि ती होडीत बसायला तयार नव्हती.

भूपेशने फाशांना हात लावला नाही. "बाय," तो म्हणाला, "घर सोडवत न्हाय, ठाव हाय मला. रिकामं घर मीबी राखतो. पन पानी कुनासाठी थांबत न्हाय. तू होडीत बस. मी बोलनार न्हाय काय, नुसता वल्हवीन."

 फहादने फासे पुढे सरकवले.

ब्याऐंशी पडले.

"नाही येत ती," फहाद हळूच म्हणाला. "आता?"

"होडी तिथंच बांधून ठेवतो."

परतताना अंजूरच्या शेअर रिक्षाला अजून दोन शिटा हव्या होत्या. भूपेश मागच्या कोपऱ्यात बसून राहिला. म्हातारीला आणखी काय म्हणता आलं असतं, ते त्याचे ओठ हळूहळू जुळवत होते.