चौथा बेंड

हे मी पूर्ण असं आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. देवासमोर हात जोडले तरी मी विषय बदलायचो. गेल्या महिन्यात यातलं अर्धं दोन ठिकाणी बोलून झालं. उरलेलं अर्धं जास्त लाजिरवाणं आहे, ते तुम्हाला सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही हे एक बरं आहे. ओळखत असता, तर मी पुन्हा टर्बोच्या बढाया मारत बसलो असतो.

सुरुवात मात्र टर्बोपासूनच करावी लागेल.

ब्राह्मणपुरीत माझं फॅब्रिकेशनचं शेड आहे. ट्रॉल्या, गेट, गोठ्याचे सांगाडे, मोडलेले नांगर — जे येईल ते. सहा वर्षांपूर्वी माझे मावसभाऊ भगवानदादा एक जुना टर्बो घेऊन आले, कुठल्याशा ट्रकच्या भंगारातला. त्यांचा ट्रॅक्टर उसाच्या दोन ट्रॉल्या घेऊन चढावर लागला की दम टाकायचा. टर्बो लावला की त्याला जोर येईल, असं त्यांनी मोबाईलवर बघितलं होतं. टर्बो म्हणजे काय, तर इंजिनाच्या धुराने फिरणारी चक्री. ती फिरली की इंजिनात जास्त हवा कोंबते. पण इंजिनाची धुराची तोंडं चार, आणि चक्रीचं तोंड एक. चारही तोंडांचा धूर गोळा करून एका ठिकाणी आणणारा लोखंडी पंजा लागतो. त्याला मॅनिफोल्ड म्हणतात. त्या ट्रॅक्टरला बसेल असा तयार मॅनिफोल्ड कुठे मिळत नव्हता. मी छाती पुढे काढून म्हणालो, आपण बनवू.

आपण म्हणजे कोण? खरं सांगायचं तर — रूपसिंग.

रूपसिंग अक्राणीच्या डोंगरातला आदिवासी. माझ्याच वयाचा, चार वर्षं माझ्या शेडवर वेल्डिंग करत होता. आमची मशीन म्हणजे ऑनलाइन मागवलेली, हातात धरून न्यावी एवढीशी. गावातलं व्होल्टेज पडलं की तिची ठिणगी विझायची, वेल्डिंगचा रॉड चिकटून बसायचा. माझ्या हाताखाली ती मशीन रडायची आणि त्याच्या हाताखाली गपगुमान चालायची. ओलसर रॉड तो माझ्या घरातल्या भाकरीच्या तव्यावर शेकून घ्यायचा. बायको कुरकुर करायची, पण तवा द्यायची. मॅनिफोल्डची पट्टी उष्णतेने वाकू नये म्हणून एका मेलेल्या इंजिनाच्या हेडवर, म्हणजे वरच्या ठोकळ्यावर, ती आधी बोल्टने कसायची आणि मग जोड करायचा, ही युक्तीही त्याचीच. मी ती भगवानदादांना माझी म्हणून सांगितली. ही छोटी चोरी. तिचा हिशेब आता कोण करतो?

गिऱ्हाईक यायचं, मोटारसायकल उभी करायचं आणि मला विचारायचं, "रूपसिंग शे का?" तो नसला तर, "मंग सकाय येसू," म्हणजे उद्या येऊ. माझ्या शेडवर, माझ्या नावाच्या बोर्डाखाली, मी समोर उभा असताना! तुम्हाला कधी असं झालंय का — ज्याच्या कामावर आपली चूल पेटते, त्याचंच नाव ऐकून पोटात काहीतरी आंबट होतं? मला रोज व्हायचं. मी हसून म्हणायचो, "हा, या सकाय."

तर मॅनिफोल्डला चार बेंड, म्हणजे पाईपचे वळणदार तुकडे, लागत होते. काळ्या, म्हणजे साध्या लोखंडी पाईपचे, जाड. तीन मिळाले. चौथ्यासाठी शहाद्याला जायला हवं होतं, आणि मला कंटाळा आला. दुसरं कारण काहीच नव्हतं. शेडच्या मागे नदीवरच्या जुन्या पाणीयोजनेचे पाईप पडले होते. त्यात बरोबर त्याच मापाचा बेंड होता — पण जस्त चढवलेला. पाण्याच्या पाईपला गंज लागू नये म्हणून जस्ताचा थर देतात, तो. असा पाईप वेल्ड केला की जस्त जळतं, पांढरा धूर निघतो, आणि तो धूर छातीत गेला की माणसाला थंडी वाजून ताप भरतो. वर त्या जोडाचाही भरवसा राहत नाही. हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकलो असतो. पण माहीत होतं.

मी ग्राइंडर घेतला आणि बेंड बाहेरून घासून काळ्या लोखंडासारखा केला. आत ग्राइंडर जात नाही. आत जस्त तसंच राहिलं.

रूपसिंगने बेंड हातात घेऊन वजन केलं. "हाऊ बी काळाच शे ना, भाऊ?"

"काळाच शे."

एवढंच बोललो. जीभ अडखळली नाही, याचंच आज जास्त वाईट वाटतं.

दुपारी त्याने जोड केला. धूर पांढरा निघाला. तो खोकला, मागे सरकला, पुन्हा वाकला. मी पंखा लावायच्या निमित्ताने बाहेर गेलो आणि बाहेरच थांबलो. संध्याकाळी तो शेडच्या खांबाला धरून थरथरत उभा होता. त्याच वेळी भगवानदादा काम कुठवर आलं ते बघायला आले आणि त्याच्याकडे बघतच राहिले. दुसऱ्या दिवशी रूपसिंग आला नाही. मॅनिफोल्ड मी एकट्यानेच बसवला आणि ट्रॅक्टर दादांच्या अंगणात चालू केला. पंधरा-वीस माणसं जमली होती. टर्बोची शिट्टी वाजली. कुणीतरी माझ्या कपाळाला कुंकू लावलं, मी ते लावून घेतलं.

मग दादांनी भरलेली ट्रॉली जोडली आणि गावाबाहेरच्या चढावर घातली. अर्ध्यावर फट्‌ असा आवाज आला. चौथ्या बेंडाचा जोड उकलला होता. आतून आलेल्या तप्त धुराने बाजूची डिझेलची नळी वितळली, डिझेल पेटलं. माती टाकून आग विझवली, पण दादांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. डाग अजून आहेत.

लोक माझ्याकडे बघत होते. दादा हात पाण्यात बुडवून बसले होते, आणि तेच म्हणाले, "काल त्याना हात थरथरी ऱ्हायना व्हता, मी दखं. पियेल व्हता का तो?"

आता ऐका. रूपसिंग त्यांच्या डोंगरातल्या इंदलच्या सणाला मोहाची दारू घ्यायचा. आधी जमिनीवर देवाची धार सोडायचा, मग स्वतः प्यायचा. यात लपवण्यासारखं त्याला काही वाटत नसे, आम्हाला आवर्जून सांगायचा. पण कामाच्या दिवशी चार वर्षांत एक थेंब नाही. हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? मी नुसतं 'नही' म्हणालो असतो तरी पुरलं असतं. पाईपाचं नंतर सांगितलं असतं, किंवा नसतंही.

मी मान खाली घातली आणि म्हणालो, "आते काय सांगू, दादा."

बस. दारूचा शब्द माझ्या तोंडून आलाच नाही, बघा किती हुशार मी. बाकीचं काम लोकांनी केलं. डोंगरातला माणूस थरथरत होता म्हणजे प्यायलेलाच असणार, यावर आमच्याकडे कुणी दुसरा प्रश्न विचारत नाही. ते मला ठाऊक होतं, म्हणून तर मी वाक्य अर्धं सोडलं. मॅनिफोल्ड उतरवून शेडवर आणला, चौथा बेंड कापून काढला आणि भंगारवाल्याच्या गाडीत टाकला.

तिसऱ्या दिवशी रूपसिंग आला, तेव्हा शेडवर बसलेले लोक त्याला बघून बाजूला सरकले. काय झालं ते त्याला कुणीतरी आधीच सांगितलं असावं. त्याने फुटलेला मॅनिफोल्ड उचलून पाहिला. चौथ्या बेंडाच्या जागी मोकळं भोक होतं. मग माझ्याकडे पाहिलं. मी मापं घेत होतो — कशाची, देव जाणे. त्याने आपली वेल्डिंगची काच आणि जेवणाचा डबा उचलला आणि गेला. त्या हंगामात आजूबाजूच्या पाच-सहा गावांत त्याला कुणी कामावर उभं केलं नाही. दिवाळीनंतर तो बायकोला घेऊन गुजरातेत गेला, कारखान्यांचे सांगाडे उभे करायला.

आणि माझ्या शेडवर आता लोक मलाच विचारायचे. मला — हे ते अर्धं, जे मी कुठेच बोललो नाही — मला बरं वाटलं. नुसती सुटका झाली असं नाही. बरं वाटलं. पोटातलं ते आंबट गेलं. वर्षभर तरी गेलं होतं.

सहा वर्षं अशीच गेली. मग यंदा पावसाळ्याआधी मी एका गोठ्याचे जुने पाईप जोडत होतो. जस्ताचा थर दिसत होता, घाई होती, म्हटलं दोनच तर जोड आहेत. संध्याकाळी घरी आलो तो दात वाजत होते. अंगावर दोन गोधड्या घेतल्या तरी थंडी. बायको जवळ आली, वाकली आणि तिने माझ्या तोंडाचा वास घेतला. एक क्षणच. मग म्हणाली, "नही, ताप शे," आणि गूळ घातलेलं गरम दूध घेऊन आली.

त्या एका क्षणात मला जे वाटलं ते कसं सांगू? माझ्याच घरात, माझ्याच बायकोने — आणि तिने निदान वास तरी घेऊन पाहिला. रूपसिंगचा कुणी वास घेतला होता? त्याला दूध कुणी दिलं? मी गोधडीत तोंड घालून रडलो. तिला वाटलं ताप चढला.

चौकशी केली तर रूपसिंग परत आल्याचं कळलं. खांडबाऱ्याला, रेल्वे स्टेशनच्या रस्त्यावर स्वतःचं दुकान टाकलं होतं. मी गेलो. तो ट्रॉलीच्या खाली आडवा होता, बाहेर आला, मला बघून काच कपाळावर सरकवली. जाड झाला होता. मी उभ्या उभ्याच पाईपाचं सांगून टाकलं. वाटेत तयार केलेली सगळी वाक्यं विसरलो.

तो म्हणाला, "माले तवयच समजनं व्हतं. रातले तोंड गोड लागी ऱ्हायनं व्हतं. जस्तशिवाय असं व्हत नही."

"मंग तू बोलना का नही?"

"तुना गावमा, तुना सामने, मन्हं कोन ऐकतं?"

 मी माफीचा शब्द काढायच्या आतच त्याने हात हलवला. "माले काय सांगस? माले तं म्हाईत शे. ज्यासले म्हाईत नही, त्यासले सांग."

आणि तो पुन्हा ट्रॉलीखाली गेला. चहा विचारला नाही. का विचारावा?

मी परत आलो. पाचव्या दिवशी सकाळी दूध डेअरीवर गेलो. दूध घालायला सगळे तिथेच येतात, भगवानदादाही. रांगेत उभा राहून मी मोठ्याने सांगितलं. बेंड जस्ताचा होता, मी घासून काळा केला, रूपसिंगला खोटं सांगितलं, तो तापाने थरथरत होता, प्यायला नव्हता.  माप घेणाऱ्याने माप थांबवलं.

भगवानदादांनी कॅन खाली ठेवला. भाजलेला हात त्यांनी दुसऱ्या हाताने धरला होता. ते ओरडतील असं वाटलं होतं. ते हळू म्हणाले, "सहा वरीस मी त्याले पेताड म्हनी ऱ्हायनू. आन तू आयकी ऱ्हायना."

मग ते निघून गेले. आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. माझं काम कमी झालं, होऊ दे.

आठव्या दिवशी कळलं की दादा पहाटे तोच ट्रॅक्टर घेऊन खांडबाऱ्याला गेलेत. एवढा लांबचा रस्ता, ट्रॅक्टरवर बसून, आणि तो जुना टर्बो गोणीत बांधून. मला विचारलं नाही. दोन दिवस तिथेच राहिले. त्या दोघांत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, मी विचारणारही नाही. पण दादा जेवले कुठे, झोपले कुठे, तर त्याच्याच घरी, एवढं त्यांच्या मुलीकडून कानावर आलं. ते ऐकून मला इतका आनंद झाला की शेडमध्ये एकटाच हसलो.

परवा दादांनी ट्रॅक्टर माझ्या शेडसमोर थांबवला. खाली उतरून बॉनेट उघडलं आणि नुसते बाजूला उभे राहिले. शेडवर तीन-चार जण होते, तेही वाकून बघायला लागले. नवा मॅनिफोल्ड होता. चार बेंड, चारही काळे, आणि जोड असे की नखाला खाच लागत नव्हती. कुणीतरी विचारलं, "कोन बनाडं?"

"रूपसिंगनी," मी म्हणालो. मग म्हणालो, "मन्हा हातले हाई येत नही. तवय बी येत नव्हतं."