चादरीचे कोपरे

माटुंग्याच्या फाइव्ह गार्डनला तिकीट लागत नाही, म्हणून परळहून आमची रविवारची सहल तिथेच. डबा घरचा, चादरही घरची. तिथे एक गृहस्थ मात्र एकटेच दिसायचे आणि चादर अख्ख्या कुटुंबाची अंथरायचे. ती उडू नये म्हणून कोपऱ्यांवर चपला सगळेच ठेवतात. त्यांच्या दोन कोपऱ्यांवर स्वतःच्या चपला असायच्या आणि उरलेल्या दोनांवर लहान मुलीचे, रंग उडालेले सँडल.

एकदा सावलीत जागाच उरली नव्हती, तेव्हा त्यांनीच हाक मारली, "या ना, बसा इकडे."

बसता बसता मी विचारलं, "मुलगी खेळायला गेलीय वाटतं?"

त्यांनी सँडलवरची माती अंगठ्याने पुसली. "नाही हो. चादर उडते ना, म्हणून आणतो."

झाडाचं पानही हलत नव्हतं.